फोन बंद पडल्यावर निरोप पोचवायचा कसा? हॅम रेडिओविषयी वाचकांची पत्रं

गेल्या अंकात पावसाळ्याच्या तयारीवर लिहिताना मी हॅम रेडिओचा ओझरता उल्लेख केला होता. परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने वायरलेस सेट बाळगणारे हौशी लोक (त्यांनाच हॅम म्हणतात) असतात आणि पूर, भूकंप, वादळात फोन बंद पडले की ते प्रशासनाचे निरोप पोचवू शकतात, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हे सगळं सदर आज त्यांनाच दिलं आहे. मी टेलिफोन खात्यात नोकरीला असताना हॅमचा परवाना घेतला. आता निवृत्त होऊन रत्नागिरीत असते आणि रोज सकाळी सेट लावते. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून कोणाचीच छापलेली नाहीत. आधी पत्र, त्याखाली लिहिणाऱ्याची ओळख, आणि मग माझं उत्तर असं मांडलं आहे.

२२ जुलै २०२१ला मी मुंबईत होते आणि आई-वडील चिपळूणला पेठमापात. शेवटचा फोन पहाटे झाला, “पाणी ओटीवर आलंय” म्हणून. त्यानंतर दोन दिवस काही कळलं नाही. ते शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होते, पण ते दोन दिवस मी विसरू शकत नाही. तेव्हा तिथे एखादा हॅम असता, तर मला खबर मिळाली असती का?
*— एक शिक्षिका, चिपळूण*

ताई, पहिल्याच दिवशी मिळाली असती असं मी म्हणणार नाही. खोटी आशा दाखवून या कामाचं कौतुक करायची माझी इच्छा नाही. आणीबाणीत रेडिओवर निरोपांचा क्रम ठरलेला असतो. जिवाला धोका आहे असे निरोप सगळ्यांत आधी. मग औषधं, बोटी, पाणी, जेसीबी अशा मागण्या. “आम्ही सुखरूप आहोत” हे खुशालीचे निरोप त्यानंतर. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, त्यामुळे रांग लागतेच. तुमचे आई-वडील सुखरूप होते, म्हणून त्यांचा निरोप मागे राहिला असता, आणि ते योग्यच झालं असतं.

पण त्या रांगेत पुढे कोण असतं, ते पाहा. वरच्या मजल्यावर अडकलेली बाळंतीण, इन्सुलिन संपलेला म्हातारा, ऑक्सिजनवरचा पेशंट. त्यांचं ठिकाण, बोट कुठल्या बाजूने आत येऊ शकेल, पाणी चढतंय की उतरतंय, एवढं जरी कोणी रत्नागिरीच्या नियंत्रण कक्षाला सांगू शकलं, तरी आलेल्या बोटी कुठे न्यायच्या हे ठरवता येतं. आपल्याकडे पुरात माणसं कमी पडतात असं मला वाटत नाही. चिपळूणला, महाडला पोरं ट्यूब आणि दोरखंड घेऊन पाण्यात उतरली होती. आधी कुठे जायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

त्याच २२ तारखेला संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, फोन बंद, आणि मोठी मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तिथे हॅम असता तर माणसं वाचली असती, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण बातमीच उशिरा पोचते, या एका गोष्टीवर आपल्याला आधीपासून काही करता येण्यासारखं आहे आणि ते आपण करत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

फोन का बंद पडतात, तेही सांगते, कारण खात्यात मी हेच काम केलं. मोबाइलचा टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी, आणि ती काही तासच पुरते. मग जनरेटर, त्याला डिझेल लागतं, आणि डिझेल आणायचा रस्ता पाण्याखाली असतो. शिवाय टॉवरपर्यंत आलेली ऑप्टिकल फायबर दरड किंवा पूल वाहून गेल्याने तुटते. मग तो टॉवर जिवंत असूनही उपयोगाचा राहत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड भागात वीज आणि फोन दोन्ही एकदम गेले, ते कित्येक गावांत बरेच दिवस आले नाहीत. हॅमच्या दोन सेटांमध्ये मात्र टॉवर नाही, फायबर नाही, कंपनी नाही. इथे एक सेट, बॅटरी आणि तार, आणि तिकडे तेच. मध्ये फक्त हवा.

हे नुसतं कागदावर नाही. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर आणि २००१ साली भुजला हॅम सेट घेऊन पोचले होते. पण मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं ते अंदमानचं. दिल्लीच्या भारती प्रसाद २००४च्या डिसेंबरमध्ये पोर्ट ब्लेअरला स्टेशन लावून होत्या. अंदमानात हॅम रेडिओला कित्येक वर्षं परवानगीच नव्हती, ती त्यांनी खटपट करून मिळवली होती. त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी एकदा तरी बोलायला मिळावं म्हणून टपलेले होते. आमच्या छंदात दुर्मिळ ठिकाण गाठण्याचं फार अप्रूप असतं. २६ डिसेंबरला सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. भारतीबाईंनी छंदाचं सगळं बाजूला ठेवलं आणि तोच सेट, तीच अँटेना मदतीच्या कामाला लावली. बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर, आणि मुख्य भूमीवरच्या घरच्यांच्या चौकश्या बेटांवर. त्या दिवसांत मी सेटजवळून उठले नाही. माझ्याकडून काही पाठवायचं नव्हतं, मध्ये न बोलणं हीच तेव्हा माझी मदत होती. खरखरीतून त्यांचा आवाज यायचा. घाई नाही, चढ-उतार नाही, एकेक नाव अक्षर अक्षर फोडून सांगताहेत. ते ऐकल्यापासून हॅम रेडिओ म्हणजे माझ्यासाठी तो आवाज आहे.

मी नववीत आहे. मला हॅम व्हायचं आहे. किती वर्षांचं असावं लागतं, परीक्षा कठीण असते का, आणि मोर्स कोड यावाच लागतो का?
*— एक विद्यार्थी, दापोली*

बाळा, वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच आहे, तेव्हा तू आजच अर्ज करू शकतोस. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची असते आणि अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर करायचा. दोन प्रकार आहेत. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि ५० वॅटपर्यंतचा सेट चालवता येतो. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्द या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावं लागतं, आणि ४०० वॅटपर्यंत मुभा आहे. रिस्ट्रिक्टेडवाल्यांची कॉल साइन बहुतेक व्हीयू३ने सुरू होते, जनरलची व्हीयू२ने. कॉल साइन म्हणजे तुझं हवेतलं नाव. जगात दुसऱ्या कोणाचं ते नसतं.

तुझ्या वयाला रिस्ट्रिक्टेडने सुरुवात कर. पेपरात दोन भाग असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. तंत्रासाठी ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर, तरंगलांबी एवढं पक्कं कर. नियमांचा भाग मुलं वरवर वाचतात आणि तिथेच अडकतात. परवाना हातात यायला काही महिने लागू शकतात, धीर सोडू नकोस. तोवर ऐकायला शीक. इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसिव्हर फुकट ऐकता येतात. सकाळी चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास, आपल्याकडचे ‘नेट’, म्हणजे रेडिओवरच्या सामूहिक बैठका, भरतात. हजेरी कशी घेतात, एकाच वेळी दोघं बोलले तर बैठक चालवणारा ‘नेट कंट्रोल’ काय करतो, ते नीट ऐक. आणि मोर्सची सक्ती नसली तरी शीक. आवाज ऐकूच येत नाही अशा खरखरीतून मोर्सची टिट-टिट नीट कळते. कमी बॅटरीत लांब जायचं असेल तर तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

२०१९च्या पुरानंतर मी ऑनलाइन दोन वॉकी-टॉकी मागवले. पावसाळ्यात घरी असू देत, एवढाच हेतू. आता मित्र म्हणतो, हे बेकायदेशीर आहे. खरं का?
*— एक दुकानदार, सांगली*

मित्र बरोबर सांगतोय. स्वस्तात मिळणारे ते पाच वॅटचे हँडसेट बऱ्याच वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर लावता येतात. त्यात हॅमचे बँड येतात, तसेच दुसऱ्या सरकारी खात्यांचे आणि कंपन्यांचेही येतात. परवाना नसताना ते बाळगणं आणि वापरणं गुन्हा आहे. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवरून ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसाही दिल्या होत्या.

कायद्याचं बाजूला ठेवलं तरी माझी खरी काळजी दुसरी आहे. पुराच्या दिवशी परवाना नसलेला, ऐकायची सवय नसलेला माणूस बटण दाबून धरतो आणि “हॅलो, कोणी आहे का” करत बसतो. बटण दाबलेलं असताना त्याला काहीही ऐकू येत नाही, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर बोट बोलावणारा दुसरा त्याच्याखाली दबून जातो.

तुम्हाला फक्त दुकान ते घर बोलायचं असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, सरकारची ईटीए मान्यता असलेले कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय चालतात. गल्लीपुरते ते पुरतात. त्यापलीकडे जायचं असेल तर परीक्षा द्या. सांगलीसारख्या गावात आठ-दहा दुकानदार परवानाधारक झाले तर मला फार आनंद होईल. गावातला कानाकोपरा दुकानदाराइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो.

मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात आहे. पावसाळ्यात दरडी येतात, रस्ता बंद होतो. गावातल्या चार-पाच मुलांना घेऊन हॅमचा गट करावा असं मनात आहे. तहसीलदार साहेब विचारतील, याचा मला उपयोग काय? सेट कुठला घ्यावा? आणि डोंगरातून बाहेर आवाज जाईल का?
*— एक माजी सैनिक, पाटण तालुका*

साहेब, तुमच्यासारखी माणसं या कामात आली तर अर्धी शिकवणी झालेलीच आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात.

सगळे आधी व्हीएचएफचा हँडसेट घेतात, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. तो सरळ रेषेत जातो. समोर डोंगर आला की संपलं. तुमच्या खोऱ्यात तो वाडी ते वाडी दोन-चार किलोमीटर चालेल. वाडीत फिरणाऱ्या मुलाकडून शाळेत बसलेल्या माणसापर्यंत निरोप आणायला तो उत्तमच आहे. उंच ठिकाणी रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा पुढे पाठवणारं यंत्र, असेल आणि तो तुमच्या गावातून दिसत असेल, तर लांबही पोचेल. पण ज्या वादळात तुमचा रस्ता गेला, त्यात डोंगरावरच्या रिपीटरची वीज टिकेलच असं नाही. त्याच्यावर सगळा भार टाकू नका.

खोऱ्यातून साताऱ्याला किंवा पुण्याला बोलायचं तर शॉर्टवेव्ह, चाळीस मीटरचा बँड. रिस्ट्रिक्टेड परवान्यावरही तो मिळतो. आणि त्यासाठी अँटेना उंच बांधायची नाही, ठेंगणी बांधायची. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर तार लागते. मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, आणि मध्यातून कोॲक्स केबल सेटला. ही तार जमिनीपासून पाच-सहा मीटरवर आडवी ताणली की तिची बरीचशी शक्ती सरळ आकाशात जाते, वरच्या आयनांच्या थरावरून परतते आणि चहूबाजूंनी तीन-चारशे किलोमीटरच्या आत खाली उतरते. छपरावर पावसाची सर उतरावी तशी, मधला डोंगर तिला अडवत नाही. शाळेची पाण्याची टाकी ते आवारातलं आंब्याचं झाड, एवढ्यात हे काम होतं. दिवसा चाळीस मीटर चालतो. रात्री मात्र जवळची स्टेशनं गायब होतात आणि लांबची येऊ लागतात. तेव्हा ऐंशी मीटरला, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झला जावं लागतं. तिथे तार दुप्पट लांब. तीही कापून, गुंडाळून तयार ठेवा. तार टाकताना महावितरणच्या वायरींपासून भरपूर लांब राहा, आणि विजा कडाडत असतील तर केबल सेटमधून काढून ठेवा. तुम्हाला हे ठाऊक असेल, मुलांना नसेल.

बॅटरीचं गणित मुलांकडून मांडून घ्या. १०० वॅटचा सेट बोलताना साधारण २० अँपिअर ओढतो, ऐकताना एक-दीड. यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची बॅटरी त्याला पुरायची नाही. रिस्ट्रिक्टेडला ५० वॅटचीच मर्यादा आहे, आणि वीस-तीस वॅटवर काम भागत असेल तर त्याच्या वर जाऊच नका. ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी चालते, तिला लागणाऱ्या जाड तारा आणि फ्यूज आधी जोडून ठेवा. सेट कंपनीचा असो वा जुना, ज्याची दुरुस्ती तुम्हाला जवळपास करून मिळेल तो घ्या.

आता तहसीलदार साहेबांचा प्रश्न. त्यांना जाऊन “आमच्याकडे सेट आहे” असं सांगू नका. “रस्ता आणि फोन दोन्ही गेले तरी या सहा वाड्यांची माहिती तुम्हाला ठरल्या वेळेला लेखी मिळेल,” असं सांगा. ते हे लगेच समजतील. आणि त्यांच्याशिवाय तुमचं चालणारही नाही. आपल्याकडच्या नियमांत हॅमने तिसऱ्या माणसाचे निरोप एरवी पोचवायचे नसतात. भूकंप, पूर, वादळ, मोठ्या आगी अशा नैसर्गिक आपत्तीत सवलत आहे, पण तेव्हाही निरोप जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांसारख्या सक्षम प्राधिकाऱ्याकडून निघालेला आणि तशाच प्राधिकाऱ्याला उद्देशून असावा लागतो. म्हणजे तुमच्या गावात निरोपावर सही कोणी करायची, हे पावसाळ्याआधी लेखी ठरलेलं हवं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला पत्र द्या, परवान्यांच्या प्रती जोडा, आणि पोचपावती घ्या. पूर आल्यावर नियंत्रण कक्षाच्या दारात सेट घेऊन उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला आत कोणी घेत नाही, आणि त्यात त्या कर्मचाऱ्याचा दोष नाही.

गावात ‘आपदा मित्र’ या सरकारच्या स्वयंसेवक योजनेत शिकलेली मुलं असतील तर त्यांनाच गटात घ्या. त्यांना दोर, बोट, प्रथमोपचार येतो. तुम्ही निरोप शिकवा.

निरोप कसा असतो ते दाखवते. आमच्या सरावातला हा एक. शाळेच्या वर्गात बाकावर सेट, शेजारी वही, खिडकीतून केबल बाहेर.

“कंट्रोल, शाळा. प्रायॉरिटी निरोप एक आहे. ओव्हर.”
“शाळा, कंट्रोल. लिहायला तयार. ओव्हर.”
“निरोप क्रमांक एक. वेळ, एक चार दोन शून्य. तहसीलदारांना, ग्रामसेवकांकडून. मजकूर. शाळेत थांबलेले लोक, सहा सात, पुन्हा सांगते, सहा सात. त्यात लहान मुलं, एक चार. इन्सुलिन हवं, पेशंट दोन. पिण्याचं पाणी उद्या दुपारपर्यंत. पुलावरून पाणी जात आहे, पाहिलेलं. वरच्या वाडीत घर पडलं, ऐकलेलं. मजकूर संपला. ओव्हर.”

मग कंट्रोल हे सगळं पहिल्यापासून परत वाचून दाखवतो आणि शाळा “बरोबर” म्हणते. तोवर निरोप पोचला असं धरायचं नाही.

यातल्या दोन गोष्टींवर मी अडून बसते. आकडा नेहमी एकेक अंक सुटा बोलायचा. खरखरीत सदुसष्ट आणि अडुसष्ट सारखेच ऐकू येतात, आणि अन्नाची पाकिटं त्या हिशेबाने निघतात. दुसरं, प्रत्येक बातमीपुढे ‘पाहिलेलं’ की ‘ऐकलेलं’ हे लिहायचंच. पुराच्या दिवशी “धरण फुटलं” ही आवई कुठल्या ना कुठल्या वाडीतून उठतेच. रेडिओवरून ती एकदा गेली की तिला सरकारी वजन येतं, आणि लोक भलत्याच दिशेला पळतात. सिग्नलच्या माणसाला मी हे सांगायला नको, पण मुलांकडून रोज घोकून घ्या. दर महिन्याला एक सराव करा, मुद्दाम भर पावसात. गावच्या जत्रेला, शर्यतीला बंदोबस्ताच्या मदतीला बसा. प्रवेशद्वारावर हरवलेलं मूल आणि स्टेजवर त्याची आई, हा निरोप चोख पोचवता आला तर पुरातलाही पोचेल. बंगालमधल्या हॅमच्या क्लबाने गंगासागर मेळ्यात चुकलेल्या माणसांना घरच्यांशी गाठ घालून देण्याचं काम असंच नावारूपाला आणलं आहे.

सॅटेलाइट फोन आहेत, मोबाइलवर धोक्याच्या सूचना येतात, आता उपग्रहावरून इंटरनेटही येतंय. या काळात तारा टांगून बोलण्याचं काय प्रयोजन? मला खरंच समजून घ्यायचं आहे.
*— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे*

चांगला प्रश्न आहे. सॅटेलाइट फोन प्रशासनाकडे असतात आणि असायलाच हवेत. आपल्याकडे ते खाजगी माणसाला सहज घेता येत नाहीत. थुराया आणि इरिडियमला तर बंदीच आहे. म्हणजे ते मोजक्याच हातांत असणार. शिवाय फोन एकाचा एकाशी चालतो. रेडिओच्या नेटवर एका वाडीने “रस्ता या वळणावर खचलाय” सांगितलं की ते कंट्रोलला, पुढच्या वाडीला आणि वाटेतल्या रुग्णवाहिकेला एकाच वेळी कळतं. कोणी वेगळा फोन करावा लागत नाही. मला रेडिओचं हे बळ फार मोलाचं वाटतं. मोबाइलवरची सूचना वरून खाली येते, खालचं वर सांगायला तिचा उपयोग नाही, आणि टॉवर मेल्यावर तीही येत नाही.

आणि तंत्राची आवड असेल तर हॅम रेडिओ जुनाट मुळीच नाही. ५ मे २००५ला इस्रोने पीएसएलव्हीवरून हॅमसॅट नावाचा उपग्रह खास हॅमसाठी सोडला होता, तो अनेक वर्षं चालला. आता कतारच्या उपग्रहावरचा क्यूओ-१०० हा ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेला संदेश परत खाली पाठवणारं यंत्र, भारतातून वापरता येतो, छोट्या डिशवर, दिवसरात्र. संगणकाने रेडिओवरून मजकूर पाठवायच्या पद्धती आहेत. तुमच्यासारख्यांनी त्यात यावं, आम्हा जुन्या मंडळींना तिथे मदत लागते. फक्त एक ध्यानात ठेवा, हॅमच्या बँडवर काहीही गुप्त लिपीत पाठवायची परवानगी नाही. जे बोलाल ते सगळ्यांना ऐकू जाणार. पेशंटचं नाव आणि आजार हवेत सांगताना याचं भान लागतं. आम्ही शक्य तिथे नाव टाळतो, ठिकाण आणि गरज सांगतो.

सोसायटीत अँटेना लावायला कमिटी नाही म्हणते. मोबाइल टॉवरसारखं रेडिएशन होईल, अशी भीती आहे.
*— एक परवानाधारक, डोंबिवली*

कमिटीला गच्चीवर बोलवा आणि तार हातात द्या. धुणं वाळत घालायच्या तारेपेक्षा ती बारीक असते. परवान्याची प्रत, वॅटचा आकडा, दिवसात किती वेळ बोलता ते लेखी द्या. टीव्हीत खरखर आली तर मी लगेच बंद करीन असं लिहून द्या आणि ते पाळा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा फोन लागत नव्हते आणि माणसं रात्रभर रस्त्यात अडकली होती. त्या दिवसाची आठवण असलेले सभासद तुमच्या कमिटीत असतीलच. त्यांच्यापासून सुरुवात करा.

माझं वय ६७. परीक्षा वगैरे आता जमायची नाही. पण घर मोठं आहे, गावात मला सगळे ओळखतात. या कामात माझ्यासारखीला काही करता येईल का?
*— एक गृहिणी, गुहागर तालुका*

वहिनी, वय आड येत नाही, सत्तरीत परीक्षा देणारे आहेत. पण नाही द्यायची तरी तुमच्याशिवाय बाहेरून आलेला हॅम आंधळा असतो. त्याला ना वाड्यांची नावं ठाऊक, ना माणसांची. तुम्ही आत्ताच एक वही करा. कुठल्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोणाला डायलिसिस, कोणाला इन्सुलिन, कुठली सून कितव्या महिन्यात आहे. दर महिन्याला ती दुरुस्त करा. विहिरी कुठल्या, त्यातल्या पुरात न बुडणाऱ्या कुठल्या, तेही लिहा. ही माहिती सरकारी यादीत जुनी असते, तुमच्याकडे ताजी असेल. वही मात्र सगळ्यांना दाखवत फिरू नका, ती लोकांच्या घरातली गोष्ट आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, उंचावर ठेवा.

निरोप घेऊन येणारे लोक सेटभोवती गर्दी करतात आणि सगळे एकदम बोलतात. त्यांना दाराबाहेर थांबवून, एकेकाचं ऐकून, चिठ्ठीवर लिहून आत पाठवणारं माणूस लागतं. ज्याला गाव ओळखतं आणि ज्याचं गाव ऐकतं, असंच. आमच्या गटात हे काम एक निवृत्त अंगणवाडीताई करतात आणि त्यांच्यामुळे ऑपरेटरला डोकं शांत ठेवून बोलता येतं. ऑपरेटर दोन तासांनी बदलावा लागतो, त्याला चहा आणि कोरडी जागा लागते, तेही पाहा. आणि शाळेच्या गच्चीची किल्ली कोणाकडे असते, सुट्टीत ती कुठे ठेवतात, हे आजच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.